हाताला चढलेला बर्फ

दवाखान्याच्या दाराशी एक लाकडी स्टूल आहे, त्यावर मी बसते. नंबर द्यायचे, कागद लावायचे, आतून हाक आली की पुढचा माणूस सोडायचा, असं माझं काम सांगायला. खरं काम बघायचं. माणूस चप्पल काढतो तेवढ्यात त्याचे हात, मान, कपाळ बघून घ्यायचं आणि ठरवायचं, हा बाकावर बसेल, बाहेर ओट्यावर थांबेल की सरळ आत जाईल.

हे काम माझ्याकडे आलं त्याला कारण घडलं. मी नवी होते. अंगावर पाण्याच्या थेंबासारखे फोड आलेलं एक पोर आईच्या मांडीवर अर्धा तास बाकावर बसलं, आणि त्याच्या शेजारी सातव्या महिन्यातली बाई. कांजिण्या होत्या. आमच्या डॉक्टर मॅडम काही कामाला बाहेर आल्या, बघितलं, त्या बाईला हात धरून उठवलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "अगं, डोळे आहेत ना तुला?"

तेव्हापासून मी डोळे लावून बसते. संध्याकाळी लोकांचे पाय दुखतात, माझे डोळे दुखतात. रस्त्यात, रिक्षाच्या रांगेत, वाण्याच्या दुकानात मला माणसांचे चेहरे दिसतच नाहीत, कातडी दिसते. नको म्हटलं तरी दिसते. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. पुस्तक वाचायला घेतलं तर दोन पानांत झोप येते. पण कातडी मला वाचता येते, आणि एकदा वाचता आली की न वाचता राहता येत नाही.

दवाखाना मरोळला, कारखान्यांच्या वसाहतीच्या मागच्या गल्लीत. त्यामुळे येणारा निम्मा माणूस हात घेऊनच येतो. लेथवरचा माणूस असेल तर मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या टोकाचे बारीक फोड, तेलाने छिद्रं बुजलेली. सिमेंटचं काम करणाऱ्याच्या तळव्याला भेगा, त्यांत कायमची राख बसल्यासारखी. मुलामा चढवणाऱ्याची नखं पिवळी. पहिल्या वर्षी मी या सगळ्याला 'खाज' म्हणायची. मॅडम कागदावरचा माझा शब्द खोडायच्या.

"नाव नंतर," त्या म्हणायच्या. "आधी दिसतंय काय ते सांग. नाव आधी घेतलंस की डोळे मिटतात."

मग मी सांगायची. गोल आहे. कड उचललेली, लाल, कोंडा सुटलेला. मधे साफ. "हं, आता नाव." गजकर्ण. आता तर अशी साफ कड बघायला मिळत नाही. लोक औषधाच्या दुकानातून कसली तरी ट्यूब आणून चोळतात, खाज थांबते आणि गजकर्ण मांडीवरून पोटावर पसरतं, कड पुसट होऊन जाते. बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या, बेंबीभोवतीही, आणि सोबत आलेली बायको पण खाजवतेय, तर खरूज; त्यांना ओट्यावर बसवायचं आणि घरात किती माणसं ते विचारायचं. छातीच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, घोसाने आलेले फोड आणि चेहरा दुखण्याने पिळवटलेला, तर नागीण. तिच्याबरोबर एक म्हातारी हमखास येते आणि विचारते, तोंड नि शेपूट एक झालं तर माणूस जातो ना? मी सांगते, आजी, ती मधली रेघ ओलांडतच नाही, तिची शीर एका बाजूचीच असते. म्हातारीचा विश्वास बसत नाही. कोपरांवर, गुडघ्यांवर चांदीसारखे पापुद्रे, सोरायसिस. छातीवर, पाठीवर फिकट ठिपके, नखाने खरवडलं की भुसा निघतो, ती शिबं. घामाने येतात, काही भिण्यासारखं नाही.

एकदा एक गृहस्थ आले, हिंडते-फिरते, फक्त जेवता येत नाही म्हणत. तोंडात सोललेलं, आणि पाठीवर मोठे ढिले फोड, हात लागला की फुटणारे. मी त्यांना भाजलेले समजून बसवून ठेवलं. मॅडमनी त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. असलं काही मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही एकदाच. त्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.

आणि एक प्रश्न सगळ्यांना विचारायचा: खाजतं का? माणूस म्हणाला, लई खाजतं, की मॅडम लिहीत राहतात. माणूस हसून म्हणाला, "नाही, खाजबिज काही नाही, दुखत नाही, त्रासच नाही," की मॅडमचं पेन थांबतं. मग त्या माझ्याकडे हात करतात. मी कापूस देते. चिमूटभर कापूस वळून त्याचं टोक करायचं, वातीसारखं. माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि टोक टेकवायचं. कळलं की बोटाने दाखव, कुठं ते.

हे टोक करायला मला मावशीने शिकवलं. आमच्या घरी वाती कधी वळल्या नाहीत, आम्ही मेणबत्ती लावणारे. माझ्या हातची वात मुंडीच धरायची नाही.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. मासळी विकणारी कोळीण, मरोळच्या बाजारात बसते. तिच्या खोलीच्या पोटमाळ्यावर मी राहते, सहा वर्षं झाली. ती पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा तिचं बोट वांग्यासारखं जांभळं झालं होतं. माशाचा काटा घुसला की कोळणींना होतं तसं. मी तिला नंबर न देता आत सोडलं. बाहेर येऊन तिने माझा हात बघितला. माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर पांढरे चट्टे आहेत, बोटांच्या टोकांपर्यंत गेलेले. लोक बघतात आणि नजर वळवतात. तिने वळवली नाही.

"अगो बाय, तुझा हात म्हनजे ताजा पापलेट हाय. रवतेस कनी?"

राहायची माझी तेव्हा पंचाईतच होती. पुढच्या आठवड्यात मी तिच्या माळ्यावर. आणि माझं नाव पापलेट.

हे मला केवढं वाटलं ते सांगायला मागचं थोडं सांगायला हवं. माझं गाव विदर्भात, तिथून रात्रभर नि अर्धा दिवस गाडी. सातवीत असताना हातावर रुपयाएवढा पांढरा डाग आला. गुरुजी तोंडाने काही वाईट बोलले नाहीत. फक्त मला दाराजवळ एकटीला बसवलं आणि वही तपासायला घेताना म्हणाले, "तिथंच ठेव, मी बघतो." पुढचं मुलींनी पुरं केलं. माय बावचीचं तेल लावायची, त्याने डाग जळून फोड यायचे. शेजारीण पाजारीण दबक्या आवाजात तो शब्द म्हणायची, रक्तपिती. दोन महिन्यांनी मी आपणहून शाळेत जायचं सोडलं. कुणी विचारायलाही आलं नाही. मग शेतात फुलबाह्याचा झंपर घालून काम, मग एका नात्यातल्या बाईबरोबर इथं मरोळला, डब्यांच्या पॅकिंगला. तिथल्या सुपरवायझरने हात बघून म्हटलं, डॉक्टरचा कागद आण नाहीतर येऊ नको.

मॅडमनी माझा हात उघड्या हातात घेतला. हातमोजा नाही, काही नाही. कापूस टेकवला.

"कळतंय?"

"हो."

"कुठं?"

"इथं. आता इथं."

"मग हे कोड आहे. रंग गेलाय, बाकी काही गेलेलं नाही. कुणाला लागत नाही, कुणाकडून आलेलं नाही. तुला कुणी काय सांगितलं होतं?"

अकरा वर्षं मी ज्याला भ्याले ते कापसाच्या एका टोकाने मिटलं. त्या कागद देऊन थांबल्या नाहीत. महिन्याभराने दारातलं काम दिलं. या दोन बायांचं मी काय देणं लागते ते मला कधी पुरं सांगता येणार नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

नारळी पौर्णिमेची दुपार. मावशी कोळीवाड्यात लेकीकडे जायला नटत होती. सोन्याची वाकी दंडात चढत नव्हती म्हणून मला हाक मारली. श्रावणातला उकाडा, पंखा नुसता आवाज करत होता, दोघी घामाने निथळत होतो. मी तिचा दंड धरला. सावळा, घामाने चकाकणारा. आणि कोपराच्या वर, मागच्या अंगाला, पुरीएवढा फिकट तांबूस चट्टा. त्यावर घाम नव्हता. सगळा हात ओला आणि तेवढी जागा कोरडी, पावडर लावल्यासारखी. त्यावर लवही नव्हती.

मी वाकी चढवली. "झकास दिसतेस," म्हटलं.

शिबं असतील, असं मी मनाशी म्हटलं. शिबांवर भुसा असतो, इथं नव्हता, हे मला दिसलं होतं. तरी म्हटलं. नाव आधी घेतलं आणि डोळे मिटले.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दवाखान्यात दिवसभर परक्यांच्या अंगावर डोळे, आणि घरी आल्यावर डोळे कुठं ठेवायचे ते कळेना. बोलावं तर काय बोलावं? चुकीचं निघालं तर मी या बाईच्या कपाळावर तो शब्द ठोकलेला, जो माझ्या कपाळावर ठोकला गेला होता. आणि बरोबर निघालं तर बाजारात तिच्या पाटीपुढे कोण उभं राहील? आणि खरं सांगायचं तर तिसरंही होतं. ती चिडली, हाकललं तर मी कुठं जाणार? मायला फोनवर एकदा विचारलं, नाव न घेता, एका बाईला सांगावं का म्हणून. माय म्हणाली, "तू काऊन पडतं वं त्याच्यात? ज्याच्या घरी राहतं त्याले असं बोलत असते का?" मला तेच ऐकायचं होतं.

तेवढ्यात तिच्या हातून वस्तू निसटायला लागल्या. चहाचा कप. कोयत्याची मूठ. एकदा बटण लावता लावता तिने ते सोडून दिलं आणि मला म्हणाली, "लाव गो, हाताला बर्फ चढलाय."

हा बाजारातला शब्द. सकाळी बर्फ फोडून मासळीवर टाकायचा, दुपारपर्यंत त्यातच हात. बोटं लाकडासारखी होतात, मग बाया चहाचा गरम पेला दोन्ही हातांत धरून बसतात आणि म्हणतात, थांब गो, बर्फ चढलाय, उतरू दे. प्रत्येकीला चढतो. प्रत्येकीचा उतरतो. त्यामुळे मावशीचा उतरत नाही हे कुणाच्या ध्यानात येण्याचं कारणच नव्हतं. तिच्या सुद्धा. आणि मी तो शब्द आधारासारखा धरला. बर्फच असेल. तीस वर्षं बर्फात हात आहेत.

असे चार महिने गेले. मार्गशीर्ष लागला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळी कोण घेतो? ती बुधवारीही गेली नव्हती, कमरेत चमक भरली होती. गुरुवारी मला अर्धी सुटी, मी एकच्या सुमारास घरी आले. ती तांदळाची भाकरी थापत होती. तव्यावर भाकरी फिरवली आणि माझ्याशी बोलता बोलता हात तव्याच्या कडेवर तसाच टेकवून ठेवला. करंगळीची बाजू. ती मला सांगत होती की शेजारच्या पाटीवालीने सुरमईच्या नावाखाली काय गळ्यात मारलं. मला वास आला. भाकरीचा नव्हे.

"मावशी, हात!"

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग हाताकडे. तिच्या चेहऱ्यावर दुखल्याचं काही नव्हतं, आश्चर्य होतं. करंगळीखाली कातडं पांढरं होऊन फुगत होतं.

"कळला नाय गो. बर्फ चढलाय."

"मावशी," मी म्हटलं, "आज बर्फ कुठला?"

भाकरी करपली, दोघींपैकी कुणीच ती काढली नाही.

मी गॅस बंद केला. हात पाण्याखाली धरला, फडकं गुंडाळलं. मग एकवीरा आईच्या फोटोखालचा वातींचा डबा काढला. त्यातला कापूस घेतला आणि टोक केलं. या वेळी टोक बरं झालं.

"डोळे मीट."

"कनाला?"

"मीट ना."

ती पाटावर बसली आणि डोळे मिटले. मी उजव्या गालाला टेकवला. "गालाला," ती म्हणाली, "गुदगुल्या करतंस काय?" डाव्या हाताला टेकवला. "हां, इथं." मग उजव्या दंडावर, चट्ट्याच्या मधोमध. ती वाट बघत बसली. मी पुन्हा टेकवला. करंगळीला. शेजारच्या बोटाला. पुन्हा चट्ट्यावर.

"लाव ना गो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "कवा लावतंस?"

मी कापूस परत करंगळीवर नेला. तिने डोळे उघडले तेव्हा कापूस तिच्या करंगळीवर होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तो शब्द तिनेच काढला, मला काढावा लागला नाही.

"महारोग?"

"मॅडमना दाखवू. मी काय डॉक्टर आहे?"

"तू रोज बघतंस. तू सांग."

"वाटतंय तसं."

तिने पदर दंडावर ओढून घेतला. "माझ्या हातची मासळी कोन घेल? मी नाय येत. आज तिथं गेलं की उद्या बाजारात."

"मावशी, हात जाईल. बोटं वळतील, सरळ होणार नाहीत. कोयता धरता येणार नाही. लवकर गोळ्या चालू केल्या तर वाचेल. मी बघितलेत वाचलेले." मग मी माझा डावा हात पुढे केला. "मलाही हेच म्हणायचे."

"तुझा खोटा निघाला," ती म्हणाली. "माझा खरा हाय."

तिने करपलेली भाकरी उलथली, दोन तुकडे केले, एक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खा. मग जाऊ. रिकाम्या पोटी नको."

मॅडमनी तिला सगळ्यांत शेवटी घेतलं, दार लावून. पाठीवर आणखी दोन चट्टे निघाले, तिलाही माहीत नसलेले. मग कोपराच्या आतल्या बाजूला बोटं फिरवून त्यांनी मलाही हात लावायला सांगितला. हाडाच्या खोबणीत शीर होती, सुतळीएवढी जाड. दाबली की मावशी कळवळायची. करंगळी नि शेजारचं बोट जुळवून त्यात कागद धरायला सांगितला. मॅडमनी ओढला, सहज निघून आला.

"कधीपासून आहे हे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "आजच पायला या पोरीनं. लगेच घेऊन आली."

मॅडमनी लिहिलं नाही. मावशी बाहेर गेल्यावर मला विचारलं, "तुम्ही एका खोलीत राहता. खरं कधी दिसला?"

"नारळी पौर्णिमेला."

त्यांनी बोटांवर मोजलं. चौथ्या बोटावर थांबल्या आणि ते कागदावर लिहिलं. "सहा महिन्यांच्या आत आहे, म्हणजे शीर अजून सुधारू शकते. शिरेची सूज उतरवायच्या गोळ्या लगेच सुरू करू. किती परत येईल सांगता येत नाही." बाकी काही नाही. डोळे आहेत ना तुला, असं त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग सहा महिने गोळ्या. पालिकेच्या आरोग्य केंद्रात कार्ड निघालं, महिन्याचं पान मिळायचं. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तेव्हा मावशी संडासातूनच ओरडली, "पापलेट, वाट लागली गो माझी!" ती औषधाची असते हे मी सांगायला विसरले होते. एका घरात राहते म्हणून माझीही तपासणी झाली, पाठ, दंड, शिरा, सगळं. काही नव्हतं. खबरदारी म्हणून मलाही एकदाच घ्यायची गोळी दिली. मावशीला वाटलं मला तिच्यामुळे लागलं. दोन दिवस ती माझ्या ताटाला हात लावेना. मॅडमनी तिला समजावलं, गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागत नाही, धंदा कर, जेव, पोरांना घे. फक्त बर्फात उघडा हात नाही, तव्याजवळ उघडा हात नाही, आणि रोज बोटं डोळ्यांनी तपासायची. आता तुझं बोट तुला सांगणार नाही, तूच बघायचं.

ती रबरी हातमोजे घालून बसायला लागली. गोळ्यांनी रंगही काळवंडला. शेजारची पाटीवाली म्हणे, "काय गो, सुकटीसारखी वालत घातली काय तुला? नि ते मोजे कसले, डाक्टरीन झालीस?" मावशी म्हणाली, "डाक्टरीन घरात ठेवलीय. तुझी जीभ तपासायला धारीन." मला तिने रात्री हसत हसत सांगितलं. मी हसले. पण त्या सहा महिन्यांत मी रोज दारातल्या स्टुलावर बसून बाजारातलं कोणी येतंय का आणि तिच्याबद्दल विचारतंय का, याचीच धास्ती घेऊन होते. कुणी विचारलं नाही. लोकांना आपापली खाज असते.

माघात एकदा आम्ही दोघी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, सोलत बसलो होतो. म्हणजे मी सोलत होते, ती सांगत होती कशी सोलायची. मला राहवेना. म्हटलं, "मावशी, मी तो चट्टा नारळी पौर्णिमेलाच बघितला होता."

तिने मान वर केली नाही. "मना म्हाईत हाय."

"काय माहीत?"

"वाकी चढवताना तुझा हात थांबला व्हता. मग रोज माझ्या दंडाकडं बघायचीस, नि मी पदर घ्यायची."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू दवाखान्यातली. मी म्हनलं, पापलेट बघतेय नि बोलत नाय, म्हनजे काय नाय. काय असता तर बोलली असती."

करंदीच्या साली माझ्या हातात तशाच राहिल्या. चार महिने मी गप्प बसले आणि ती त्या गप्प बसण्याला औषधाच्या कागदासारखं उशाशी ठेवून निजत होती. बर्फाने तिला फसवलं असं मी समजत होते.

"रडतंस काय," ती म्हणाली. "करंदी खारट व्हईल. हे बघ, यापुढं बघशील तर बोल. बोलायचं नसेल तर बघू नको."

गोळ्या संपून आता वर्ष होऊन गेलं. चट्टे पुसट झालेत. शिरेची सूज उतरली. करंगळीशेजारच्या बोटात जाणीव परत आली, पूर्ण नाही, पण चहाचा पेला गरम आहे हे तिला कळतं. करंगळी थोडी वाकलेली राहिलीय. कोयता ती मोज्यावरून फडकं गुंडाळून धरते. मासळी तीच कापते, पहिल्यापेक्षा सावकाश, प्रत्येक वेळी बोटाकडे बघून.

दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की मी वातींचा डबा काढते. मॅडमनी महिन्यातून एकदाच तपासायला सांगितलंय, पण मला चैन पडत नाही. ती पाटावर बसून डोळे मिटते, दमलेली असते, कधी कधी तशीच पेंगते. मी टेकवत जाते. "इथं. हां. इथं. आता इथं." शेजारच्या बोटाला थोडा वेळ लावून, पण बरोबर दाखवते. करंगळीला मी टेकवते आणि थांबते. ती काहीच म्हणत नाही. मी पुन्हा टेकवते.

गेल्या रविवारी करंगळीच्या वेळी माझा कापूस हातातून खाली पडला. मी तो उचलायला वाकले होते, तेवढ्यात ती म्हणाली, "हां. लागला. करंगलीला."

मी वर बघितलं. डोळे घट्ट मिटलेले, आणि तोंडावर, शाळेत पाठ न करता उत्तर दिलेल्या पोरीचं असतं तसं हसू.

एक वेळ अशी होती की मी "झकास" म्हटलं असतं.

"खोटं," मी म्हटलं. "मी लावलाच नव्हता."

तिने एक डोळा उघडला. "मग लाव की," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.